काचबिंदूवरील अल्पछेदी शस्त्रक्रिया : अपयशाच्या कारणांचा आढावा

काचबिंदूने एकदा गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने वा शस्त्राने परत येत नाही, आणि या एका वस्तुस्थितीमुळे त्या रोगावरील प्रत्येक उपचाराचे मोल निराळ्याच मापाने करावे लागते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली म्हणजे थोड्याच दिवसांत रोग्याला जग उजळून दिसते आणि उपचाराचा दाखला त्याला स्वतःच्याच डोळ्यांत मिळतो. काचबिंदूची शस्त्रक्रिया कितीही उत्तम साधली तरी तिच्यामुळे रोग्याला पूर्वीपेक्षा अधिक काही दिसू लागत नाही, कारण जे उरले आहे ते राखणे एवढेच तिचे कार्य असते. यश असे मूक असल्यामुळे अपयशही सहसा गाजावाजा करीत येत नाही. डोळ्यातील दाब हळूहळू चढतो, बंद केलेले औषधाचे थेंब एकेक करून पुन्हा सुरू होतात, दृष्टिक्षेत्राची हानी थोडी पुढे सरकते, आणि वर्षा-दोन वर्षांनी सारे कागद एकत्र मांडले म्हणजे केलेली शस्त्रक्रिया टिकली नाही हे ध्यानात येते. असे का होते, कोणत्या डोळ्यांत ते होण्याचा संभव अधिक, आणि त्याचा अंदाज आधी बांधता येतो काय, या प्रश्नांचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२०२० साली जगातील चाळीस ते ऐंशी या वयोगटात काचबिंदूचे सुमारे ७.६ कोटी रोगी असावेत आणि २०४० पर्यंत ही संख्या ११ कोटींच्या वर जाईल, असा अंदाज अभ्यासकांनी वर्तविला आहे. या रोगात दृष्टिचेतेचे तंतू क्रमाक्रमाने मरतात, आणि त्यास कारणीभूत होणाऱ्या अनेक गोष्टींपैकी डोळ्यातील दाब हीच एक गोष्ट आज वैद्याच्या ताब्यात आहे. हा दाब उतरविण्यासाठी केर्न्स यांनी १९६८ साली मांडलेली ट्रॅबेक्युलेक्टमी ही शस्त्रक्रिया अर्धशतकाहून अधिक काळ मानदंड ठरली. परंतु दाब फाजील उतरणे, द्रव साठण्यासाठी केलेला फुगवटा, म्हणजे ब्लेब, गळू लागणे, आणि कित्येक वर्षांनंतरही त्या वाटेने जंतुसंसर्ग होणे, अशी तिची किंमत असल्यामुळे अनेक शल्यविशारद तिच्याकडे उशिरानेच वळत आले. थेंब आणि ट्रॅबेक्युलेक्टमी यांच्या दरम्यानची ही मोकळी जागा भरून काढण्यासाठी गेल्या वीस वर्षांत ज्या अनेक लहान शस्त्रक्रिया पुढे आल्या, त्यांना टोरांटोचे शल्यविशारद आइक अहमद यांनी रूढ केलेल्या इंग्रजी संज्ञेवरून ‘मिग्ज’ असे आद्याक्षरी नाव पडले आहे. लहानसा छेद, ऊतींना अल्प इजा, लवकर बरे होणे आणि उच्च प्रतीची सुरक्षितता ही त्यांची लक्षणे होत. त्यांतील साधनांपैकी ट्रॅबेक्टोमला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली, आयस्टेंटला २०१२ साली, सायपास व झेन यांना २०१६ साली आणि हायड्रसला २०१८ साली. यांखेरीज केवळ दोऱ्याने वा सूक्ष्म पात्याने द्रवाच्या वाटेवरील जाळी उघडण्याच्या अनेक रीती प्रचारात आल्या.

एवढ्या भिन्न साधनांच्या अपयशाचा विचार एका लेखात करणे शक्य आहे काय, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. परंतु प्रसिद्ध झालेल्या अनुभवांचा मागोवा घेतला असता असे दिसते की साधन कोणतेही असो, अपयशाची कारणे चार वर्गांत पडतात : डोळ्याची गरज आणि उपायाची ताकद यांचा मेळ न बसणे, अडथळा एका ठिकाणी असताना उपाय दुसऱ्या ठिकाणी होणे, शरीराने जखम अधिक तत्परतेने भरून काढणे, आणि शल्यविशारदाच्या हातात व नंतरच्या देखरेखीत उणीव राहणे. यांतील पहिली दोन कारणे शस्त्र हाती घेण्यापूर्वीच ठरलेली असतात, आणि म्हणूनच अपयशाचा प्रश्न हा मुख्यतः निवडीचा प्रश्न आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

द्रवाचा मार्ग

डोळ्याच्या पुढील भागात दर मिनिटास सुमारे दोन ते तीन मायक्रोलिटर इतका स्वच्छ द्रव निर्माण होतो आणि तितकाच बाहेर जातो. त्याची मुख्य वाट पारपटल आणि परितारिका यांच्यामधील कोनातून जाते : प्रथम ट्रॅबेक्युलर जाळी, तिच्यामागे फ्रीडरिख श्लेम यांनी १८३० साली वर्णिलेली वर्तुळाकार नलिका, त्या नलिकेतून निघणाऱ्या पंचवीस ते पस्तीस संग्राहक वाहिन्या, आणि शेवटी श्वेतपटलावरील नीला. नेहमीच्या, म्हणजे कोन उघडा असलेल्या काचबिंदूत अडथळा बहुतांशी जाळीच्या नलिकेलगतच्या थरात असतो. मॉर्टन ग्रँट यांनी मृत्यूनंतर काढलेल्या मानवी डोळ्यांवर प्रयोग करून १९६३ साली असे दाखविले की जाळी संपूर्ण वर्तुळभर उघडली तर द्रवाच्या मार्गातील सुमारे तीन-चतुर्थांश विरोध नाहीसा होतो. अल्पछेदी शस्त्रक्रियांच्या एका मोठ्या शाखेचा पाया याच निष्कर्षावर उभा आहे.

परंतु त्या निष्कर्षास एक पुरवणी जोडणे अवश्य आहे, आणि ती पुष्कळदा विसरली जाते. ग्रँट यांचाच सहभाग असलेल्या पुढच्या संशोधनात, १९८९ साली, असे आढळले की प्रयोगातील दाब पुरेसा उच्च ठेवला तर जाळी उघडण्याचा लाभ मोठा दिसतो, पण तोच प्रयोग कमी दाबाखाली केला म्हणजे जेमतेम निम्मा विरोध दूर होतो. उरलेला विरोध जाळीच्या पलीकडे आहे. शिवाय ज्या नीलांमध्ये द्रव अखेर जाऊन मिसळतो त्यांच्यातील दाब स्वभावतःच पाऱ्याच्या ८ ते १० मिलिमीटरांच्या घरात असतो, आणि त्या दाबाखाली जाणे नैसर्गिक मार्गाने कदापि शक्य नाही. तेव्हा जाळीवर केलेली कोणतीही शस्त्रक्रिया, ती कितीही निर्दोष होवो, दाबाला सामान्यतः पंधराच्या आसपास आणून थांबते. ही त्या उपायाची नैसर्गिक हद्द आहे, आणि अपयशाच्या नोंदींतील मोठा भाग ही हद्द न ओळखल्यामुळे निर्माण झालेला आहे.

अपयश कशास म्हणावे

जोखमीच्या घटकांची यादी वाचण्यापूर्वी अपयशाची व्याख्या तपासली पाहिजे, कारण व्याख्या बदलली की यादीही बदलते. बहुतेक चाचण्यांत दाब मूळच्यापेक्षा निदान २० टक्क्यांनी उतरणे हा निकष असतो. काहींत तो २१, १८ वा १५ या ठरावीक आकड्याखाली येणे हा असतो. काहींत औषधांची संख्या घटणे, तर काहींत दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज न पडणे यांवर निकाल दिला जातो. शस्त्रक्रियांचे निकाल एका पद्धतीने मांडावेत यासाठी जागतिक काचबिंदू संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. तरीही निकषांचे वैविध्य संपलेले नाही.

याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. समजा, एका रोग्याचा दाब मुळात १६ आहे. त्याच्या बाबतीत २० टक्क्यांचा निकष लावला तर दाब १२.८ वर आला पाहिजे, आणि तो तर जाळीवरील शस्त्रक्रियेच्या नैसर्गिक हद्दीच्याही खाली आहे. म्हणून अशा चाचणीत ‘मूळचा कमी दाब’ हा अपयशाचा घटक ठरतो. दुसऱ्या रोग्याचा दाब २८ असून तो १९ वर आला तर टक्केवारीने ते उत्तम यश आहे, परंतु १५ च्या आकड्याने पाहिले तर ते अपयश, आणि त्या चाचणीत ‘मूळचा उच्च दाब’ हा जोखमीचा घटक म्हणून नोंदला जातो. दोन्ही विधाने एकाच वेळी छापील पृष्ठांवर आढळतात आणि दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत. तिसऱ्या रोग्याचा दाब तीन थेंबांवर १४ होता व शस्त्रक्रियेनंतर थेंबांवाचून १४ राहिला. दाबाच्या हिशेबाने त्याला काहीच मिळाले नाही, पण रोजच्या औषधाच्या खर्चातून, जळजळीतून आणि विसरण्याच्या धोक्यातून तो सुटला, हे कोणता विवेकी वैद्य अपयश म्हणेल?

याला आणखी एक गुंतागुंत जोडली आहे. अल्पछेदी शस्त्रक्रियांपैकी पुष्कळशा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबर केल्या जातात, आणि नेत्रभिंग काढल्याने दाब स्वतंत्रपणेही उतरतो. आयस्टेंटच्या मूळच्या चाचणीत एका वर्षानंतर औषधावाचून २१ वा त्याखाली दाब राहिलेल्या डोळ्यांचे प्रमाण ७२ टक्के होते. पण ज्यांची केवळ मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली त्यांच्यातही ते ५० टक्के होते. म्हणजे यशाच्या श्रेयातला मोठा वाटा उपकरणाचा नव्हता. उपकरण एकट्याने बसविले असता अपयशाचे प्रमाण अधिक दिसते, याचे एक कारण हेच आहे.

गरज आणि ताकद

या पार्श्वभूमीवर पहिल्या वर्गातील घटक स्पष्ट होतात. रोग जितका पुढे गेलेला तितका दाब अधिक खाली आणावा लागतो. प्रगत काचबिंदूवरील अमेरिकेतील दीर्घकालीन अभ्यासात ज्यांचा दाब प्रत्येक तपासणीस १८ च्या खाली राहिला, आणि ज्यांची सरासरी त्यामुळे बाराच्या आसपास होती, त्यांचे दृष्टिक्षेत्र सरासरीने स्थिर राहिले असे २००० साली प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये निदानाच्या वेळीच रोग प्रगत असलेल्या ४५३ रोग्यांवर जी चाचणी झाली तीत दोन वर्षांनंतर ट्रॅबेक्युलेक्टमीच्या गटाचा सरासरी दाब १२.४ आणि औषधांच्या गटाचा १५.१ असा भरला. बारा हवे असताना पंधरा देणारा उपाय योजला, तर तो उपाय स्वतःच्या कसोटीस उतरूनही रोग्याच्या कसोटीस नापास होतो. दोऱ्याने संपूर्ण वर्तुळभर नलिका उघडण्याच्या, ‘गॅट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०१४ साली टेक्सासमधून वर्णिल्या गेलेल्या शस्त्रक्रियेच्या दोन वर्षांच्या अनुभवातही, दृष्टिक्षेत्राची सरासरी हानी १५ डेसिबलांहून अधिक असलेल्या डोळ्यांत अपयश अधिक आढळले. याचे कारण केवळ उद्दिष्ट कठोर असणे एवढेच नसावे. दीर्घकाळ द्रव न वाहिल्यामुळे नलिका आणि तिच्या पुढच्या वाहिन्या आकसून जात असाव्यात, असे मानण्यास जागा आहे.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या औषधांची संख्या हा घटकही याच न्यायाने वाचावयाचा आहे. चार-चार औषधांवरही ज्याचा दाब आवरत नाही, त्याचा रोग मुळातच अधिक हट्टी असतो. औषधांची संख्या ही तेथे रोगाच्या तीव्रतेची मोजपट्टी बनते. याउलट सौम्य ते मध्यम रोग, एक-दोन औषधे, आणि त्याच वेळी काढण्याजोगा मोतीबिंदू, ही जाळीवरील उपकरणांसाठी अनुकूल परिस्थिती होय. हायड्रसच्या चाचणीत अशाच ५५६ डोळ्यांचा समावेश होता; त्यांपैकी उपकरण बसविलेल्यांत पाच वर्षांनंतर ६६ टक्के आणि केवळ मोतीबिंदू काढलेल्यांत ४६ टक्के डोळे औषधमुक्त होते, आणि काचबिंदूची मोठी शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग पहिल्या गटात २.४ टक्के तर दुसऱ्यात ६.२ टक्के डोळ्यांवर आला. पाच वर्षे टिकणारा हा लाभ लहान नाही, पण तो त्या निवडीच्या मर्यादेतच खरा आहे. तो आकडा पुढे करून प्रगत रोगाच्या रोग्यास तेच उपकरण सुचविणे हा पुराव्याचा गैरवापर ठरेल.

अडथळ्याची जागा

दुसऱ्या वर्गाचे मर्म असे की जाळी उघडल्याने जाळीतलाच अडथळा दूर होतो. पाटाचे तोंड साफ करूनही पुढच्या चाऱ्या गाळाने भरल्या असतील तर शेताला पाणी मिळत नाही. नेमकी तीच गत संग्राहक वाहिन्या निकामी झालेल्या डोळ्याची होते. या वाहिन्या नाकाच्या बाजूस, विशेषतः खालच्या भागात, अधिक असतात, आणि म्हणून उपकरण बहुधा तेथेच बसवितात. तरी व्यक्तिपरत्वे त्यांची मांडणी भिन्न असल्यामुळे एक मिलिमीटरचे सूक्ष्म उपकरण चालत्या वाहिनीजवळ पडेल याचा जामीन कोणी देऊ शकत नाही. आठ मिलिमीटर लांबीचा आणि नलिकेचा सुमारे पाव भाग उघडा ठेवणारा हायड्रस, आणि एकाच डोळ्यात बसविलेले दोन आयस्टेंट, यांची समोरासमोर तुलना १५२ डोळ्यांत केली असता एका वर्षानंतर ४६.६ टक्के विरुद्ध २४ टक्के डोळे औषधमुक्त राहिले. या फरकाचे एक संभाव्य स्पष्टीकरण अधिक वाहिन्यांपर्यंत पोचण्याच्या क्षमतेत आहे. शस्त्रक्रिया चालू असताना नलिकेतून रक्त उलट येणे, आणि द्रव आत सोडला असता श्वेतपटलावरील नीला क्षणभर पांढुरक्या पडणे, ही पुढचा मार्ग मोकळा असल्याची चिन्हे मानतात. ती न दिसल्यास भविष्याविषयी सावध राहावे.

नीलांमधील दाबच वाढलेला असेल, जसा तो स्टर्ज-वेबर विकारात, थायरॉइडमुळे डोळे पुढे येण्याच्या रोगात किंवा मेंदूच्या तळाशी रोहिणी व नीला यांचा अपसंयोग झाला असता आढळतो, तर जाळी उघडण्याचा फारसा उपयोग होत नाही. कोनात नव्या रक्तवाहिन्या उगवलेल्या असतील, परितारिका जाळीला चिकटून बसली असेल, किंवा दाह चालू असेल, तर उघडलेली वाट पुन्हा बंद होण्याचा संभव मोठा. याच्या उलट टोकास अशी काही रूपे आहेत ज्यांत अडथळा जवळजवळ संपूर्ण जाळीतच असतो : डोळ्यात पांढुरकी भुकटी साचण्याने होणारा काचबिंदू, रंगद्रव्य साचण्याने होणारा काचबिंदू, आणि स्टिरॉइडांमुळे उद्भवणारा काचबिंदू. यांत जाळीवरील शस्त्रक्रियांचे फळ बहुधा चांगले मिळते. पूर्वी झालेल्या लेसर उपचाराचा परिणाम काय, याविषयी अनुभव परस्परविरोधी आहेत, आणि एवढ्या एका कारणावरून रोग्यास नाकारणे योग्य होणार नाही.

जखमेचे भरणे

तिसरा वर्ग ज्या शस्त्रक्रियांत द्रवाला डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली, म्हणजे कंजंक्टायव्हाखाली, नेले जाते त्यांना विशेष लागू आहे. सहा मिलिमीटर लांबीची आणि ४५ मायक्रॉन व्यासाच्या पोकळीची झेन नळी, आणि साडेआठ मिलिमीटर लांबीची व ७० मायक्रॉन पोकळीची प्रिझरफ्लो नळी, ही याची उदाहरणे. दुसरी डोळ्याच्या बाहेरून बसवावी लागत असल्यामुळे तिला अल्पछेदी शस्त्रक्रियांत घ्यावे की नाही याविषयी मतभेद आहे. येथे दाब अधिक खाली जाऊ शकतो, कारण नीलांच्या दाबाची हद्द येथे आड येत नाही. परंतु शरीर परक्या वाटेला जखम समजून व्रणतंतूंनी बुजवू पाहते, आणि ज्यांची ही प्रवृत्ती तीव्र त्यांच्यात अपयश अधिक. तरुण वय, आफ्रिकी वंश, पूर्वी त्याच भागावर झालेली शस्त्रक्रिया, आणि डोळ्याचा जुना दाह हे त्यातले परिचित घटक होत.

यांत एक घटक असा आहे की तो वैद्याच्याच हातून घडतो. दीर्घकाळ चाललेले, विशेषतः बेंझॅल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक द्रव्य असलेले थेंब कंजंक्टायव्हात मंद दाह जागता ठेवतात, आणि अनेक औषधे दीर्घकाळ वापरलेल्या डोळ्यांत ट्रॅबेक्युलेक्टमी अधिक वेळा फसते, हे लंडनमधील संशोधकांनी १९९४ सालीच दाखवून दिले होते. थेंबांच्या भरवशावर पंधरा वर्षे काढून मग या शस्त्रक्रियेकडे वळणे म्हणजे जमीन नापीक झाल्यावर पेरणीस निघणे होय. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे संरक्षकविरहित थेंब देणे वा दाहशामक उपचार करणे ही पद्धत पुष्कळ ठिकाणी पाळतात.

व्रणतंतू आवरण्यासाठी मायटोमायसिन हे औषध वापरतात, पण औषधापेक्षाही नळीचे टोक कोठे पडले याला महत्त्व आहे : ते कंजंक्टायव्हाखालील टेनॉनच्या आवरणात रुतले तर द्रव बाहेर पडूनही पसरत नाही. झेनच्या अमेरिकेतील मूळ अभ्यासात पहिल्याच वर्षी सुमारे एक-तृतीयांश डोळ्यांत सुईने तंतू तोडून वाट पुन्हा मोकळी करावी लागली. ही सुई वेळेवर फिरविणे हा त्या उपचाराचाच भाग आहे. त्याला अपयश म्हणायचे की देखभाल, हे पुन्हा व्याख्येवर येऊन ठेपते. प्रिझरफ्लो आणि ट्रॅबेक्युलेक्टमी यांची तुलना करणाऱ्या ५२७ डोळ्यांच्या चाचणीत एका वर्षाअखेर यशाचे प्रमाण अनुक्रमे ५३.९ आणि ७२.७ टक्के होते. अल्प इजेच्या मोबदल्यात काही यश गमवावे लागते, हा या आकड्यांचा उघड अर्थ आहे, आणि तो रोग्यापासून लपविण्याचे कारण नाही.

जखमेचे भरणे कोनाच्या आतही घडते. जाळी उघडल्यावर सांडलेले रक्त गोठून राहिले, परितारिका उघडलेल्या फटीला चिकटली, किंवा उपकरणाच्या मुखावर ऊतींचे पटल चढले, तर आतली वाटही बुजते. पहिल्या काही आठवड्यांत दाब एकदम चढणे हे पुढील अपयशाचे पूर्वचिन्ह असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्याचे एक कारण नंतर दिलेले स्टिरॉइडचे थेंबच असू शकते : साधारण लोकांतही सुमारे एक-तृतीयांशांचा दाब या औषधाने थोडाफार चढतो, आणि काचबिंदूच्या रोग्यांत व तीव्र लघुदृष्टी असलेल्यांत हे प्रमाण अधिक असते. तेव्हा चढलेला दाब पाहून शस्त्रक्रिया फसली असा निकाल देण्यापूर्वी औषध बदलून पाहणे हे कर्तव्य ठरते.

हात आणि देखरेख

अल्प छेद म्हणजे अल्प कौशल्य, असा समज करून घेणे घातक आहे. सूक्ष्मदर्शक आणि रोग्याचे मस्तक दोन्ही तिरपे करून, एका हाताने कोन पाहण्याचे, म्हणजे गोनिओस्कोपीचे, भिंग धरून, दुसऱ्या हाताने मिलिमीटराच्या अंशांत काम करावयाचे असते. कोनाची ओळख ज्याला बाह्यरुग्ण विभागातील रोजच्या तपासणीत झालेली नाही, त्याला ती शस्त्रक्रियेच्या मेजावर होणार नाही. उपकरण नलिकेत न जाता मागे वा पुढे बसणे, हे सर्वांत टाळण्याजोगे अपयश होय.

जागा किंचित चुकल्याने काय घडते याचा धडा सायपासने दिला. श्वेतपटल आणि रंजितपटल यांच्यामधील अवकाशात द्रव नेणारे हे उपकरण दाब चांगला उतरवीत होते. परंतु पाच वर्षांच्या पाहणीत पारपटलाच्या आतील पेशींची घट उपकरणाच्या गटात सुमारे २० टक्के आणि तुलनेच्या गटात सुमारे १० टक्के आढळली, आणि उपकरण जितके अधिक बाहेर डोकावत होते तितकी घट मोठी होती. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्पादकाने ते बाजारातून काढून घेतले. दोन वर्षांच्या निकालांवर मान्यता मिळालेल्या उपकरणाचा दोष पाच वर्षांनी दिसला, यावरून अपयशाची मोजणी केवळ दाबावरून करू नये आणि तिची मुदतही आखूड ठेवू नये, असे दोन्ही बोध घ्यावे लागतात.

आपल्याकडील विचार

वरील पुराव्यांपैकी बहुतेक अमेरिका व युरोप येथून आलेले आहेत, आणि ते भारतात जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. काचबिंदूचे रोगी भारतात एक कोटीहून अधिक असल्याचा अंदाज आहे, आणि निरनिराळ्या प्रांतांतील लोकसमूहांच्या पाहण्यांत असे आढळले की त्यांपैकी फार मोठ्या बहुसंख्येला आपल्या रोगाची कल्पनाच नसते. साहजिकच पुष्कळ रोगी रोग प्रगत झाल्यावर येतात, म्हणजे नेमके त्या टप्प्यावर, जेथे जाळीवरील सौम्य उपाय अपुरे पडतात. शिवाय कोन अरुंद वा बंद असण्याचा प्रकार आपल्याकडे विरळ नाही. कोन नीट न तपासता उघड्या कोनाचे उपकरण योजणे हा अपयशाला निमंत्रण देण्याचा मार्ग आहे.

नागपूर परिसरातील ४७११ ग्रामीण लोकांच्या प्रसिद्ध पाहणीत पारपटलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन, म्हणजे पाश्चात्त्य लोकांत आढळणाऱ्या सरासरीहून कमी भरली. पातळ पारपटलावर नेहमीच्या यंत्राने घेतलेला दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. तेव्हा आपल्याकडे कागदावरचा ‘सोळा’ हा आकडा यशाचा पुरावा म्हणून स्वीकारताना अधिक सावधगिरी हवी. दुसऱ्या बाजूस एक अनुकूल गोष्टही आहे. डोळ्यांच्या ॲलर्जीवर वैद्याच्या सल्ल्यावाचून स्टिरॉइडचे थेंब वर्षानुवर्षे घातल्यामुळे काचबिंदू झालेली मुले व तरुण आपल्याकडील नेत्रतज्ज्ञांना नित्य भेटतात, आणि जाळीवरील शस्त्रक्रिया ज्या प्रकारात उत्तम फळते तोच हा प्रकार आहे. महाग उपकरणाऐवजी साध्या दोऱ्याने किंवा वाकविलेल्या सुईने जाळी उघडण्याच्या रीती येथे लोकप्रिय होत आहेत, हे खर्चाच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. मात्र त्यांची फळे दीर्घ मुदतीच्या नोंदींनी तपासली गेली पाहिजेत.

आणि ब्लेब करणाऱ्या नळ्यांचा विचार करताना रोगी किती दूरचा आहे हाही एक वैद्यकीय घटक मानावा लागतो. गडचिरोलीच्या आडगावातून आलेला शेतकरी पेरणीच्या दिवसांत दर आठवड्याला नागपूरला येऊ शकणार नाही. ज्या शस्त्रक्रियेचे यश पहिल्या तीन महिन्यांतल्या फेरतपासण्यांवर आणि वेळीच फिरविलेल्या सुईवर अवलंबून आहे, ती त्याच्यासाठी सुचविताना हा प्रश्न दाबाच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने विचारला पाहिजे.

निष्कर्ष

या साऱ्या विवेचनाचा व्यावहारिक सारांश असा. शस्त्रक्रिया ठरविण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे रोग्याच्या कागदावर लिहिलेली असावीत : या डोळ्याला किती दाब हवा, आणि योजलेला उपाय तेथवर पोचू शकतो काय; अडथळा कोठे आहे, आणि कोन प्रत्यक्ष पाहिला आहे काय; हे शरीर जखम कशी भरील, आणि डोळ्याचे बाह्यपृष्ठ त्यासाठी तयार केले आहे काय; आणि पहिल्या वर्षाची देखरेख कोण, कोठे व कशी करणार. ज्याचे उद्दिष्ट बारा आहे त्याला ट्रॅबेक्युलेक्टमीची शिफारस करणे हे अल्पछेदी शस्त्रक्रियेचे अपयश नाही, तर तिच्या मर्यादेचा मान राखणे आहे. आणि ज्याचा रोग सौम्य आहे, मोतीबिंदू काढावयाचा आहे, थेंब सोसत नाहीत, त्याला हा उपाय न सुचविणे हाही तितकाच प्रमाद होय.

यांखेरीज एक सामूहिक कर्तव्य उरते. प्रत्येक मोठ्या नेत्ररुग्णालयाने आपल्या फसलेल्या शस्त्रक्रियांचे दप्तर यशस्वी शस्त्रक्रियांइतक्याच काळजीने ठेवावे, त्यात मूळ दाब, औषधे, कोनाची स्थिती, पारपटलाची जाडी आणि दृष्टिक्षेत्र यांची नोंद एकाच निकषाने व्हावी, आणि ती पाच वर्षे खंडित होऊ नये. जोखमीचे घटक आज आपल्याला बहुतांशी दुसऱ्यांच्या डोळ्यांवरून ठाऊक आहेत. आपल्या रोग्यांविषयी खात्रीने बोलण्याचा अधिकार अशा नोंदींतूनच मिळेल. रोग्यालाही शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे की ही शस्त्रक्रिया रोग नाहीसा करीत नाही, दाब काही काळ, कदाचित पुष्कळ काळ, उतरविते, आणि तपासणीस येणे तिच्यानंतरही जन्मभर चुकत नाही. कारण ज्याला हे आधी कळले तो दाब चढण्याच्या सुमारास वैद्यासमोर असतो, आणि दाब वेळीच हाती लागला तर पहिल्या शस्त्रक्रियेचे अपयश दृष्टीचे अपयश होण्यापूर्वी सावरता येते.